एकेचाळीस दिवस

अण्णांनी आयुष्यात हजारो सिनेमांची पहिली दोन मिनिटं पाहिली होती आणि शेवट एकाचाही पाहिला नव्हता. आमचं कामच तसं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर सिनेमे, गाणी, घरगुती व्हिडिओ चालवायचं. नवा लॅपटॉप घेतला की बहुतेक वेळा ते त्यात आधीच घातलेलं असायचं, त्यामुळं वापरणाऱ्यांना त्याचं नावही माहीत नसायचं. कुणी परका माणूस दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरू शकेल अशा चुका त्यात सापडल्या की त्या दुरुस्त करून लोकांपर्यंत पोचवणं हे आमच्या पाच जणांच्या टीमचं काम, आणि ते आमचे प्रमुख. दिवसभर त्यांच्या पडद्यावर आवाज बंद करून सिनेमे सुरू व्हायचे. नावं यायची, एखादं दार उघडायचं, कुणीतरी जिना उतरायला लागायचं, की ते थांबवून पुढची फाईल लावायचे. फाईल उघडते कशी, एवढंच त्यांना बघायचं असायचं. पुढं काय झालं असेल असं कधी मनात येत नाही का, असं मी एकदा विचारलं.

"आपलं काम दारापाशी, अम्मा," ते म्हणाले. "आत काय चाललंय ते बघू नये."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि नागपूरहून येऊन मारतहळ्ळीत दोन मुलींबरोबर राहत होते. मला कुणी अम्मा म्हणेल असं वाटलं नव्हतं. पण त्यांच्याकडं धाकट्या बायकांनाही आदरानं अम्माच म्हणत, आणि ऑफिसातल्या सगळ्यांत नवख्या पोराशीही ते अहो-जाहोनंच बोलत. मी पहिल्या दिवशी सर म्हटलं तर म्हणाले, सर नको, अण्णा म्हणा. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. घरात मराठी, पण शाळा सगळी कन्नडातली, त्यामुळं देवनागरी त्यांना अडखळत वाचता येई आणि लिहिता मुळीच येत नसे. त्यांच्या वहीतल्या नोंदी मराठीतच असत, पण कन्नड अक्षरांत. ऑफिसात ती वही वाचू शकणारे एकटे तेच. आमच्या मजल्यावर सरासरी वय अठ्ठावीस असेल, ते अठ्ठावन्नचे होते. कंपनीची गाडी न घेता बसवनगुडीहून दोन बस बदलून यायचे. घरी थोरली बहीण, तिलाही सगळे अक्काच म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही.

त्यांच्यासमोर बग हा शब्द काढायची सोय नव्हती. किडा आपला आपण येतो, ते म्हणत, हे भोक आपण पाडलंय. भोक म्हणा. मीटिंगमध्ये पुण्याहून आलेले, दिल्लीहून आलेले सगळे नाइलाजानं भोक म्हणायला शिकले होते.

आणि त्यांची कोड तपासायची रीत. इतर ठिकाणी तपासणारा माणूस पडद्यावर वाचतो. हे लिहिणाऱ्यालाच मोठ्यानं वाचायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून ऐकायचे. एकेक ओळ, कंस, स्वल्पविराम, सगळं. शेजारच्या टीमची मुलं काचेतून बघून हसायची. वाचणाऱ्याचा आवाज जिथं जरा घाईत यायचा तिथं ते बोट वर करायचे. "स्वल्प हळू. परत वाचा." दहातल्या सात वेळा तिथंच काहीतरी निघायचं. मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा: ती फाईल खोटं बोलत असेल तर?

याचा अर्थ त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला होता. कुठलीही फाईल आल्या आल्या स्वतःबद्दल सांगते, की माझ्यात इतकी अक्षरं आहेत, इतकी चित्रं आहेत. आपलं सॉफ्टवेअर तेवढी जागा मोकळी करून ठेवतं. "पाहुणा म्हणाला दोघं येतोय. तुम्ही दोन पानं मांडली. दारात पन्नास उभे. मग ते कुठं बसतात? स्वयंपाकघरात शिरतात, माजघरात शिरतात. घर त्यांचं होतं." म्हणून पाहुणा काय म्हणाला ते लिहून घ्यायचं, पण दारात उभं राहून डोकी मोजायची. एवढी मोजणी ज्या ओळीत राहून जाते तिथं भोक पडतं.

लोकांच्या तक्रारींची मेल ते स्वतः वाचत. ते त्यांचं काम नव्हतं, त्यासाठी वेगळी माणसं होती, पण सकाळी आल्यावर एक तास ते छापील गठ्ठा घेऊन बसत आणि शाळेत शिकवलेल्या जुन्या इंग्रजीत उत्तरं देत. एकदा कुठल्याशा गावातून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं की बायको गेली, तिचा एकच व्हिडिओ आहे आणि तो उघडत नाही. यांनी ती फाईल मागवून घेतली. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. फाईल अर्धी सडलेली होती, हातानं एकेक तुकडा जुळवत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर एक बाई चकल्या पाडताना दिसायला लागली. ती नवऱ्याला रागावत होती, तो कॅमेरा बंद करा म्हणून. सगळी मिळून नऊ मिनिटं. ती मात्र त्यांनी शेवटपर्यंत बघितली. आधी त्या गृहस्थांना विचारून, की फाईल नीट झालीय का याची खात्री करायला पूर्ण बघावी लागेल, बघू का.

त्या तीन दिवसांचा वरच्यांना राग आला. प्रमुखानं असल्या कामात वेळ घालवायचा नाही म्हणून तक्रारींची मेल बाहेरच्या एका एजन्सीकडं सोपवली गेली. त्यांच्याकडं ठरावीक उत्तरांची यादी होती, त्यातलं एक निवडून पाठवायचं. आमच्याकडं महिन्यातून एकदा गठ्ठा येणार असं ठरलं. सकाळचा तो एक तास अण्णा रिकाम्या टेबलापाशी बसून काढायचे, कित्येक आठवडे.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय त्याकडं येते.

एका सोमवारी बाहेरच्या एका विद्यार्थ्याची मेल आली. त्याला आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं होतं. सिनेमाखाली जी भाषांतराची ओळ येते, सबटायटल म्हणतात ती, तिची वेगळी फाईल असते. लोक ती कुठूनही उतरवून घेतात. तशी एक फाईल मुद्दाम बिघडवून तयार केली आणि ती लावून कुणी सिनेमा पाहिला, तर त्याचा लॅपटॉप पूर्ण दुसऱ्याच्या ताब्यात जात होता. फोटो, कागदपत्रं, कॅमेरा, सगळं. सिनेमा छान चालत राहायचा. बघणाऱ्याला पत्ताही लागत नव्हता.

अण्णांनी दुपारपर्यंत ते स्वतः करून बघितलं. मग एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले, कागद माझ्याकडं फिरवला आणि एका ओळीखाली नखानं रेघ ओढली. ती ओळ मी लिहिलेली होती. दोन वर्षांपूर्वी. त्यात मोजणी नव्हती.

ती ओळ त्यांनी ऐकलीही होती. त्या आठवड्यात अक्कांचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि अण्णा हॉस्पिटलात होते. मी फोनवरून वाचत होते, तिकडं ट्रॉल्यांचे आवाज, कुणाला तरी कुणी हाका मारतंय. मध्येच ते म्हणाले होते, सरी, ठीक आहे, जाऊ दे पुढं. इतक्या वर्षांत त्यांनी बोट वर न करता सोडलेलं ते एकच वाचन असेल.

ते म्हणाले, "कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. ऐकलं मी होतं."

आम्ही दोघांनी बसून दोन दिवसांत ते बुजवलं. बुधवारी संध्याकाळी दुरुस्ती तयार होती, तपासून झाली होती. लोकांच्या लॅपटॉपवर ती पाठवायचं बटणही अण्णांच्याच हातात होतं, त्याचा पासवर्ड त्यांच्याकडं असे. फक्त पाठवण्याआधी मॅनेजरची परवानगी घ्यायची पद्धत होती.

मॅनेजर आमच्यातलाच मराठी, पुण्याचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, हुशार, तसा वाईट नव्हे असा माणूस. त्यानं सांगितलं, थांबू या. एका मोठ्या लॅपटॉप कंपनीबरोबर बोलणी शेवटाला आली होती. नवी आवृत्ती निघणार होती, तिच्या पोटात ही दुरुस्तीही गुपचूप जाईल. आत्ता ती वेगळी पाठवली तर कारण जाहीर करावं लागेल, बातमी होईल. अण्णा म्हणाले, त्या मुलाला सापडलं ते दुसऱ्यालाही सापडेल. तो म्हणाला, "अण्णा, प्रॅक्टिकल व्हा ना. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

अण्णा त्याच्या वरच्या साहेबांकडं गेले. साहेबांनी त्यांचं उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि बघू म्हणाले.

गुरुवारपासून रोज सकाळी मॅनेजरला त्यांची एक मेल जायला लागली. मलाही त्याची प्रत यायची, कारण दुरुस्ती आम्ही दोघांनी केली होती. रोमन अक्षरांत मराठीची एकच ओळ. आज तीन दिवस झाले. आज चार दिवस झाले. वर नाव नाही, खाली सही नाही. पहिल्या आठवड्यात मॅनेजरनं एकदा उत्तर दिलं, नोटेड म्हणून. नंतर त्यानं त्या मेल उघडणंही सोडलं असावं. मी उघडायचे. विसाव्या दिवसाच्या सुमाराला मी अण्णांना म्हटलं, बटण तर तुमच्याकडंच आहे. चौतीस वर्षं नोकरी केली, ते म्हणाले, न विचारता काही पाठवलं नाही. त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता. मला वाटतं, तोवर त्यांना त्याची लाज वाटायला लागली होती, पण हात पुढं होत नव्हता.

एकेचाळिसाव्या दिवशी नवी आवृत्ती निघाली. मजल्यावर केक कापला. भिंतीवरच्या पडद्यावर किती मशीन्सवर ती पोचली त्याचा आकडा वाढत होता आणि पोरं टाळ्या वाजवत होती. अण्णांनी केक घेतला नाही. ते दरवेळी विचारत तेच त्यांनी विचारलं, अजून किती उघडे? कारण लोक दुरुस्ती आली तरी ती लगेच घेत नाहीत, नंतर म्हणून बाजूला सारतात. त्याचं उत्तर भिंतीवर नव्हतं.

त्याच आठवड्यात एजन्सीकडून महिन्याचा गठ्ठा आला. त्यात तुमकूरच्या एका बाईंची मेल होती. त्या तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, आईवडिलांबरोबर राहायच्या. त्यांनी लिहिलं होतं की घरी सबटायटल लावून एक सिनेमा पाहिला आणि आठवड्याभरानं त्यांच्या खोलीतले, कपडे बदलतानाचे त्यांचेच फोटो त्यांना कुणीतरी धमकी देत पाठवले. त्यांनी दाद दिली नाही तेव्हा ते फोटो कॉलेजातल्या लोकांना गेले, ठरलेल्या नवऱ्याच्या घरी गेले. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की सिनेमा बघितल्यानं असं होऊ शकतं का. खाली एजन्सीनं पाठवलेलं उत्तर होतं: आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी कोणतीही अडचण आढळलेली नाही, कृपया आपला अँटीव्हायरस अद्ययावत ठेवा.

मेलवर तारीख होती तेहेतिसाव्या दिवसाची. उत्तर चौतिसाव्या दिवशी गेलं होतं.

अण्णांनी तो कागद वाचून त्याची घडी केली, ती खिशात ठेवली आणि बस धरून घरी निघून गेले. सकाळचे साडेदहा वाजले होते. शनिवारी त्यांचा फोन आला, मी तुमकूरला चाललोय, याल का. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, हे त्यातलं खरं.

बाईंचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. सकाळचे अकरा वाजले असतील, पण खिडक्या बंद, पडदे ओढलेले, ट्यूबलाइट लावलेली. दार वडिलांनी उघडलं. निवृत्त पोस्टमास्तर होते. अण्णांनी दारातच आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं आणि मग आत येऊ का विचारलं. आई बाहेर आल्याच नाहीत. बाई आल्या आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसल्या. तिशीच्या असतील. टीव्हीच्या खाली जो छोटा लाल दिवा असतो त्यावरही त्यांनी चिकटपट्टी लावलेली दिसत होती. बोलणं कन्नडात झालं. मला तेव्हा कन्नड पुरतं येत नव्हतं, पण त्या दिवशी एकही वाक्य मला कळलं नाही असं झालं नाही.

अण्णांनी सगळं सांगितलं. भोक कसं होतं, कुठं होतं. शेवटी बाईंनी विचारलं,

"तुम्हाला हे कधी कळलं?"

अण्णांनी तारीख सांगितली. बाईंना कागद बघावा लागला नाही.

"म्हणजे मी तो सिनेमा पाहिला तेव्हा तुम्हाला कळून अठरा दिवस झाले होते."

"होय."

"बुजवायला किती वेळ लागला?"

"दोन दिवस."

"मग बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस आम्ही थांबलो."

वडिलांनी विचारलं, कशासाठी. अण्णांनी तेही सांगितलं. बटण आपल्या हातात होतं आणि आपण ते दाबलं नाही, हेही सांगितलं. ते न सांगता चाललं असतं. मग त्यांनी पिशवीतून तीन पानं काढली. सगळ्या तारखा घालून स्वतःच्या हातानं कन्नडात लिहून, खाली पूर्ण नाव, घरचा पत्ता घालून सही केली होती. माझं नाव त्यात कुठंही नव्हतं. त्या दिवशी त्या खोलीत मी एक शब्दही बोलले नाही. ती ओळ माझी होती, हे सांगायला मला जागा होती आणि वेळही होता.

"हे घेऊन आम्ही काय करायचं?" वडील म्हणाले.

"तुम्हाला वाटेल ते. नाही वाटलं तर काहीच नको."

बाईंनी कागद घेतले. परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले होते. यशवंतपूर यायच्या आधी म्हणाले, आज स्वल्प बरं वाटतंय. मलाही वाटत होतं.

बाईंनी पोलिसांत तक्रार दिली आणि सोबत ती पानं जोडली. पंधरा दिवसांत कंपनीनं अण्णांचं ऑफिसचं सगळं खातं बंद केलं आणि चौकशी बसवली. त्यांच्या त्या रोजच्या मेल आता फक्त दोघांकडं होत्या, मॅनेजरकडं आणि माझ्याकडं. मॅनेजरनं असं काही आल्याचं नाकारलं.

मला बोलावलं तेव्हा काचेच्या खोलीत कंपनीचे एक वकील आणि एचआरच्या बाई बसल्या होत्या. आवाज सौम्य, समोर पाण्याची बाटली. एचआरच्या बाईंनी एक कागद टेबलावर माझ्याकडं सरकवला. ती ओळ होती, आणि शेजारी ती कुणी लिहिली ते नाव. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. वकिलांनी विचारलं, या गृहस्थांचा दावा आहे की पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनी रोज लेखी कळवलं. तुम्हाला तसं काही आठवतं का?

मी म्हटलं, आठवत नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला धन्यवाद दिले. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील. टेबलाशी परत येऊन मी त्या मेल पुसून टाकल्या.

अण्णांना कंपनीची गुपितं बाहेर दिल्याबद्दल काढून टाकलं. त्यांची तीन पानं म्हणजे एका नाराज माणसानं सूड म्हणून लिहिलेला मजकूर, असं कंपनीनं उत्तर दिलं. माझा जबाब त्यांना वाचून दाखवला असणारच, तशी पद्धत असते. त्यांची जागा सहा महिने रिकामी होती, मग ती मला मिळाली.

त्यानंतर त्यांचा फोन येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. बसवनगुडीतल्या एका दर्शिनीत, उभ्यानं कॉफी प्यायच्या हॉटेलात, त्यांनी बोलावलं. ते बारीक झाले होते. हल्ली ओळखीपाळखीच्या घरांतून, छोट्या दुकानांतून जाऊन लोकांच्या कॉम्प्युटरवर राहिलेल्या दुरुस्त्या घालून देतात, असं म्हणाले. एका झेरॉक्सच्या दुकानात तर अजून आमचीच जुनी आवृत्ती होती. मग त्यांनी ज्यासाठी बोलावलं होतं ते सांगितलं. तुमकूरच्या बाईंनी तक्रार मागं घेतली होती. वडिलांनी फोन करून कळवलं. प्रत्येक वेळी नवा अधिकारी यायचा आणि पुरावा म्हणून ते फोटो पहिल्यापासून बघायचा. पोलीस ठाण्यात एकानं, मग दुसऱ्यानं, मग कंपनीच्या वकिलांनी, मग तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या कुणीतरी. आधी ज्यांनी पाहिले होते त्यांच्यात ही आणखी माणसं. शेवटी बाई म्हणाल्या, बस. त्यांनी गावही सोडलं होतं.

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "त्या दिवशी गाडीत मला बरं वाटलं होतं, अम्मा. त्या घरातून निघताना त्यांना काय वाटत होतं ते मी बघितलं नाही. मी सांगायला गेलो ते कुणासाठी?"

माझ्या जबाबाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. ते बोलतील तर बोलू असं म्हणत मी बसले होते, आणि ते बोलले नाहीत याचं मला हायसं वाटलं. निघताना त्यांनी विचारलं, वाचायला लावता का अजून मुलांना. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. तेवढा वेळ आता कुणी देत नाही.

ते गेल्याचा फोन अक्कांनी केला, वर्षभरानं. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडले होते, चार वाजता अक्का उठवायला गेल्या तर उठले नाहीत. मी चौदाव्या दिवशी गेले. पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खाली शिंप्याचं दुकान. अक्का पंच्याहत्तरीच्या, मोडलेल्या मांडीमुळं काठी घेऊन चालायच्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः समोर बसल्या. अण्णांनी फोन लावायची माणसं म्हणून एक यादी करून ठेवली होती, त्यात आठ नावं होती, म्हणाल्या. ऑफिसातलं एकच.

मी काहीतरी बोलले, त्यांनी मला किती शिकवलं वगैरे. अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्याबद्दल सांगायचा. चौकशीत तू आठवत नाही म्हणालीस, ते त्यानंच तुला तसं म्हणायला सांगितलं होतं म्हणून. पोरीची नोकरी जायला नको म्हणून."

खाली शिवणयंत्र चालू होतं. मला मान हलवून उठता आलं असतं. चौदा दिवस झालेल्या घरात कुणी उलटतपासणी घेत नाही.

"नाही अक्का," मी म्हटलं. "त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. त्यावर आम्ही कधी बोललोच नाही."

"ठाऊक आहे मला. तो ते सांगताना माझ्याकडं बघत नव्हता."

मग त्यांनी विचारलं,

"तेव्हा तुला आठवत होतं की नव्हतं, एवढं सांग."

"आठवत होतं."

"सगळं?"

"सगळं. रोजचं."

"सरी," अक्का म्हणाल्या आणि काठी टेकून उठल्या. दारापर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी चपला घालून होईपर्यंत उभ्या राहिल्या. पुन्हा ये म्हणाल्या नाहीत.